ऐन ओळखणाऱ्याला ऐन का काढता येत नाही?

गडचिरोलीच्या जंगलात नोकरीची वीस-पंचवीस वर्षं घालवलेल्या वनरक्षकाला भर उन्हाळ्यात, झाडावर एक पान नसताना, पन्नास पावलांवरून झाड ओळखता येतं. खोल भेगांची राखाडी साल दिसली की तो ऐन म्हणतो. खोड गुळगुळीत, पांढुरकं असलं तर तो धावडा. काळीकुट्ट, चौकोनी तुकड्यांची साल असेल तर तेंदू. मोहाच्या नव्या पालवीचा तांबूस रंग आणि कुसुमाच्या पालवीचा लाल रंग यांतला फरक त्याला सांगावा लागत नाही.

याच माणसाच्या हातात पेन्सिल द्या आणि एक झाड काढायला सांगा. तो दोन उभ्या रेषा ओढेल, वर नागमोडी काठाचा एक गोल काढेल आणि कागद परत देत म्हणेल, "मले काही चित्र-बित्र येत नाही जी, सर." कागदावरचं ते झाड ऐनाचं नसतं, धावड्याचं नसतं, जंगलातल्या कुठल्याच झाडाचं नसतं. शहरात वाढलेला बँकेतला अधिकारीही अगदी तेच झाड काढतो. मग वीस वर्षांचं ते पाहणं गेलं कुठे?

दुसरं कोडं याहून मोठं आहे. काही शिक्षक असे असतात की त्यांच्याकडे दोन-तीन महिने गेलेला हाच माणूस ऐनाचं खोड असं रंगवतो की पाहणारा झाडाचं नाव सांगतो. हात तोच, डोळेही तेच. आपण "सरांनी प्रेरणा दिली" असं म्हणतो आणि विषय तिथेच सोडतो. पण प्रेरणा म्हणजे नेमकं काय घडतं, हे बऱ्याच अंशी उलगडून सांगता येतं. जलरंगाच्या बाबतीत तर ते विशेष स्पष्ट दिसतं.

दहाव्या वर्षी थांबलेला हात

लहान मूल दिसतं तसं काढत नाही, त्याला माहीत असतं तसं काढतं. घराला दार असतं, माणसाला दोन हात असतात, झाडाला खोड आणि वर हिरवा गोल असतो. ही चिन्हं असतात आणि चार ते आठ वर्षांच्या वयात ती मुलाला पुरतात. नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र मुलाला चित्र "खऱ्यासारखं" हवं वाटू लागतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने 1947 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे हे टप्पे मांडले. हव्या त्या चित्रापर्यंत कसं पोचायचं हे कोणी दाखवलं नाही, तर मूल स्वतःच्या कागदावर नाराज होतं आणि चित्र काढणं सोडून देतं. पुढे चाळिसाव्या किंवा साठाव्या वर्षी पेन्सिल हातात आली की माणूस थांबला होता तिथूनच सुरू करतो. वनरक्षकाच्या कागदावरचं झाड हे त्या दहा वर्षांच्या मुलाचं झाड आहे.

यात आपल्या शाळांचाही वाटा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना कलेचं दार उघडून दिलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण वर्गातली पाच मुलं त्या परीक्षेला बसली की उरलेल्या चाळिसांनी मनाशी ठरवून टाकलं, चित्रकला ही त्यांची, आपली नव्हे. हा निकाल कोणी लिहून दिलेला नसतो, पण तो पन्नास वर्षं टिकतो.

दुसरं कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. आपण पाहतो ते ओळखण्यासाठी. ऐन आहे हे कळलं की डोळ्याचं काम संपतं आणि पाऊल पुढे पडतं. जंगलात हे बरोबरच आहे, प्रत्येक खोडापाशी थांबून चालत नाही. चित्रात मात्र नाव कळल्यावर पाहणं सुरू व्हायला हवं. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेने 1979 सालच्या आपल्या पुस्तकात यावर एक साधा उपाय लोकप्रिय केला: समोरचं चित्र उलटं ठेवा आणि उलटंच काढा. उलट्या चेहऱ्यातलं नाक लगेच नाक म्हणून ओळखू येत नाही, त्यामुळे हात ठरलेलं नाक न काढता समोरची रेष काढतो. एडवर्ड्स यांनी याचं स्पष्टीकरण मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांवरून दिलं होतं. मेंदूशास्त्र आज ते त्या सोप्या रूपात मानत नाही. युक्ती मात्र चालते.

आपल्याकडच्या जंगलात हीच युक्ती कागद उलटा न करताही करता येते. एप्रिलमध्ये ताडोबाच्या बाजूला पानगळ झालेलं सागवान पाहा. फांद्या काढू नका, फांद्यांमधले आकाशाचे तुकडे काढा. त्या तुकड्यांना भाषेत नाव नाही, त्यामुळे मेंदूकडे त्यांचं तयार चिन्हही नाही. आठ-दहा तुकडे नीट काढले की फांद्या आपोआप कागदावर येतात आणि त्या सागाच्याच असतात. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचा चेहरा पहिल्यांदा उजळतो तो इथे, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

पाणी, डिंक आणि कागद

जलरंग नवशिक्याला अवघड, असं सगळेच म्हणतात. तैलरंग खरवडता येतो, पुन्हा लावता येतो. जलरंगात एकदा गडद झालेली जागा पुरती उजळ करणं कठीण. तरीही मोठ्या माणसांसाठी मला हेच माध्यम सर्वांत योग्य वाटतं. कारण यात अर्धं काम पाणी करतं, आणि ते कसं करतं हे समजावून सांगता येतं. मोठ्या माणसाला कारण कळलं की त्याची भीती निम्मी होते.

जलरंग म्हणजे रंगाची अतिशय बारीक पूड आणि ती कागदाला धरून ठेवणारा डिंक. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडांपासून येतो. धावड्याचा डिंक गोळा करणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको की डिंक पाण्यात विरघळतो आणि वाळला की चिकटून बसतो. पाणी पुडीला वाहून नेतं, मग उडून जातं, आणि पूड जिथे पोचली तिथे राहते. जलरंगातली सगळी मौज आणि सगळी फजिती या प्रवासात आहे.

तो प्रवास कागदावर अवलंबून असतो. 1945 साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या पेपर मिलने चंद्रपूर जिल्ह्याचं नाव देशभरच्या वह्या-पुस्तकांत पोचवलं. पण वहीचा कागद लिहिण्यासाठी असतो. त्याचं वजन चौरस मीटरला साठ-सत्तर ग्रॅम, त्यामुळे तो पाणी लागताच फुगतो आणि सुरकुततो. जलरंगाचा कागद साधारण तीनशे ग्रॅमचा असतो, चांगला असेल तर सुती धाग्यांचा, आणि पाणी लगेच आत शिरू नये म्हणून त्याला जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ दिलेली असते. रंग थोडा वेळ वर तरंगतो, सरकवता येतो, पुसून उचलताही येतो. "माझ्या हातात कला नाही" म्हणून रडकुंडीला आलेल्या कितीतरी माणसांच्या बाबतीत दोष फक्त कागदाचा असतो. म्हणून जाणता शिक्षक पहिल्याच दिवशी चित्रकलेची पातळ वही बाजूला ठेवायला लावतो. रंगपेटी साधी चालते, कागद साधा चालत नाही.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट: डाग. आकाश रंगवायला घ्यावं आणि मध्येच एक काळी, करवती कड उमटावी. याचं कारण असं की थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडतं. उडालेल्या पाण्याची जागा भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाची पूड सोबत नेतं. पूड कडेला साचते. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का होतो, याचा अभ्यास शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केला, तो हाच.

ज्यांनी अंगण सारवलं आहे त्यांना यावरचा उपायही माहीत आहे. सारवताना ओली कड वाळू द्यायची नाही. एका बाजूने सुरू करायचं, कड ओली आहे तोवर पुढचा हात फिरवायचा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबायचं. मध्येच उठून गेलं तर सांधा दिसतो, आणि तो झाकायला वाळलेल्या जागेवर पुन्हा हात फिरवला तर जास्तच दिसतो. चित्रकार ज्याला वॉश म्हणतात, तो असाच लावतात: बोर्ड थोडा कलता ठेवायचा, रंगाचा ओघळ खालच्या कडेला साचू द्यायचा, तोच ओघळ पुढच्या फटकाऱ्याने खाली ओढायचा. आणि लावून झाल्यावर हात मागे घ्यायचा.

इथे हवेचा प्रश्न येतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. सकाळी दहालाच वॉश इतका भराभर वाळतो की कागदाच्या मध्यावर पोचेपर्यंत वरची कड सुकलेली असते. ऑगस्टमध्ये भामरागडला पाऊस लागला की तोच वॉश अर्धा तास ओला राहतो आणि रंग नको तिथे पसरतो. पुण्या-मुंबईच्या हवेत लिहिलेल्या पुस्तकातली वेळ इथे लागू पडत नाही. उन्हाळ्यात कागद आधी पाण्याने भिजवून घ्यावा लागतो, रंग जास्त कालवून ठेवावा लागतो आणि सकाळी सातला बसावं लागतं. म्हणून मला वाटतं, इथल्या माणसांना शिकवणारा शिक्षक इथल्या हवेत रंगवणारा हवा.

चौकट: करून पाहा

जलरंगाचा एक कागद, एक मोठा गोल ब्रश, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढंच घ्या. दोन्ही रंग कालवा. निळा जास्त घेतलात तर थंड करडा मिळेल, तपकिरी जास्त घेतलात तर ऊबदार. कोरड्या कागदावर एक वॉश ओढा. दुसरा वॉश भिजवलेल्या कागदावर. तिसरा अर्धवट वाळलेला असताना त्यात स्वच्छ पाण्याचा एक थेंब सोडा आणि तो रंगाला कसा ढकलतो ते फक्त पाहा. तिन्ही वाळल्यावर रंग फिका झालेला दिसेल. ओला रंग नेहमी गडद भासतो, म्हणून लावताना हवा त्यापेक्षा थोडा गडदच लावायचा. हे तीन वॉश कोणाला दाखवायचे नाहीत.

पाठीमागे उभं राहून पाहणं

महाराष्ट्रात जलरंग शिकवण्याची परंपरा मोठी आहे. सावंतवाडीला 1882 साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी 1908 साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि पिढ्या घडवल्या. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिव्याचा प्रकाश बोटांमधून चेहऱ्यावर येतो, आणि ते सगळं जलरंगात आहे. जलरंगाचा पहिला धडा या चित्रासमोर नीट कळतो: उजेड रंगवायचा नसतो, त्याच्या भोवतीचा काळोख रंगवायचा असतो.

आजच्या काळात मिलिंद मुळीक यांचं नाव घ्यावं लागेल. अमर चित्र कथेचे चित्रकार प्रताप मुळीक यांचे ते चिरंजीव. शिक्षणाने इंजिनिअर, पुढे पूर्णवेळ चित्रकार. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या पुस्तकांनी घरोघरच्या हौशी माणसांना ब्रश हातात धरायला लावला. त्या पुस्तकांची खुबी त्यांच्या टप्प्यांत आहे. पूर्ण झालेलं चित्र पाहून माणूस दबतो. त्याच चित्राची पहिली फिकी अवस्था पाहिली की म्हणतो, हे तर मलाही जमेल. आणि मुळीक लोकांसमोर बसून रंगवतात. वीस-तीस माणसं पाठीमागे उभी राहून पाहतात, आणि कोरा कागद तास-दीड तासात रस्ता होतो, पाऊस होतो.

असं नुसतं पाहण्याने काय होतं? अल्बर्ट बॅन्डुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली मांडलं की "हे मला जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः केलेलं एखादं काम साधणं, आपल्यासारख्या कोणाला तरी ते साधताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचं सांगणं, आणि शरीर-मनाची त्या वेळची स्थिती, म्हणजे छातीत धडधड आहे की निवांतपणा. सर्वांत बळकट वाट पहिली. दुसऱ्या वाटेत मात्र "आपल्यासारख्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. शिक्षकाचा हात एकदाही चुकला नाही तर विद्यार्थी थक्क होतो आणि घरी जाऊन ब्रश धुऊन ठेवतो. शिक्षकाचा रंग आकाशातून डोंगरात उतरला, त्याने क्षणभर पाहिलं, टिश्यूने टिपलं किंवा त्या ओघळाचं झाड करून टाकलं, तर विद्यार्थी काहीतरी घेऊन जातो. बिघडणं हा कामाचा भाग आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जे शिक्षक प्रात्यक्षिक करताना मोठ्याने बोलत राहतात ("इथे पाणी जास्त झालं, आता थांबतो"), ते आपल्या डोक्यातले निर्णय समोरच्याच्या हाती देतात. सराईत हातापेक्षा मला हे देणं मोठं वाटतं.

"आपल्यासारख्या" या शब्दासाठी विदर्भातलं एक नाव आहे. बिजय बिस्वाल मूळचे ओडिशाचे. नागपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी केली, कुठल्या कलामहाविद्यालयात गेले नाहीत. पावसाने ओले झालेले रेल्वे फलाट आणि त्यांत पडलेली माणसांची प्रतिबिंबं रंगवून ते देशभर ओळखले जाऊ लागले आणि पुढे नोकरी सोडून चित्रकारच झाले. रोज ज्यावरून चालायचं तो फलाटच त्यांचा विषय झाला. खाणीत किंवा वीज केंद्रात पाळी करून आलेल्या माणसाला हे उदाहरण जेवढं धीर देईल, तेवढं एखाद्या परदेशी थोर चित्रकाराचं देणार नाही.

एका वेळी एकच ओझं

जलरंग लावताना एकाच क्षणी किती गोष्टी सांभाळायच्या असतात ते पाहा. आकार बरोबर हवा, रंग बरोबर हवा, तो किती गडद हे ठरवायचं, ब्रशमध्ये पाणी किती, कागद किती ओला, आणि घड्याळ चालू. माणसाच्या मनाला एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी पेलता येतात. जॉन स्वेलर या शिक्षणमानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात यावर काम केलं आणि दाखवलं की नवशिक्याला प्रश्न सोडवायला टाकण्यापेक्षा सोडवलेलं उदाहरण पायरीपायरीने दाखवलं तर तो जास्त शिकतो. चांगला जलरंग शिक्षक ओझं असंच उतरवतो. महिनाभर एकाच रंगात काम देतो, म्हणजे फक्त उजेड-अंधार पाहायचा. आकाराची रेखाटनं काडेपेटीएवढी छोटी करून घेतो, म्हणजे बारकावे काढायला जागाच उरत नाही. मोठा ब्रश देतो, त्याच कारणासाठी.

"छान" म्हणण्याने काय होतं

मोठ्या विद्यार्थ्याशी बोलणं ही वेगळी कला आहे. वर्गात पन्नाशीच्या ताई असतात, निवृत्त मास्तर असतात, स्वतःच्या कामात कोणाचं ऐकून न घेणारे अधिकारी असतात. कौतुक केलं की ही मंडळी खूश होतील, असं आपल्याला वाटतं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी 1996 साली अभिप्रायावरच्या जुन्या संशोधनांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा एक-तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायामुळे काम उलट बिघडलेलं आढळलं. अभिप्राय माणसाकडे वळला की लक्ष कामावरून उडतं. "तुमच्या हातात जादू आहे" हे वाक्य ऐकलेली बाई पुढचं चित्र जादू टिकवण्यासाठी काढते आणि घाबरते.

जाणता शिक्षक कागदाकडे बोट दाखवतो.

"सर, माझं बिघडलं."

"कुठे, ताई?"

"हे झाड आकाशात पसरलं."

"आकाश ओलं होतं म्हणून. पण खालचं खोड पाहा, ते वाळलेल्या कागदावर लावलंत, त्याची कड किती स्वच्छ आली आहे. पुढच्या कागदावर आकाश वाळू द्या, मग झाड."

या संवादात कौतुक आहे, पण ते एका कडेचं आहे. बिघडण्याला कारण आहे आणि पुढच्या कागदाला काम आहे. ताई घरी जाऊन तो कागद करतील, ही प्रेरणा.

आधीपासून असलेलं

माल्कम नोल्स या अमेरिकन प्रौढशिक्षणतज्ज्ञाने मोठ्यांच्या शिकण्याबद्दल जे सांगितलं त्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: मोठा माणूस कोरा येत नाही, अनुभव घेऊन येतो, आणि त्या अनुभवाला वर्गात जागा मिळाली नाही तर त्याला स्वतःलाच नाकारल्यासारखं वाटतं. आमच्या वनरक्षकाकडे परत जाऊ. बाजारातला तयार हिरवा रंग त्याच्या हाती दिला तर तो पुन्हा तोच हिरवा गोल काढेल. शिक्षकाने त्याला विचारावं, ऐनाची साल सकाळी कशी दिसते आणि दुपारी कशी? पहिल्या पावसानंतर तिचा रंग बदलतो का? याची उत्तरं त्याच्याकडे आहेत, शिक्षकाकडे कदाचित नाहीत. मग मघाच्या चौकटीतल्या दोन रंगांनी तो करडा शोधू लागतो, आणि अल्ट्रामरीनची जाडसर पूड कागदाच्या खळग्यांत बसून सालीचा खरखरीतपणा स्वतःच देते. धान लावलेल्या बाईला बांधीतल्या पाण्यात आकाश कसं उतरतं हे माहीत असतं. कोळसा खाणीतल्या माणसाला काळ्यातले रंग माहीत असतात. वीस वर्षांचं पाहणं हरवलेलं नसतं, त्याला कागदापर्यंत वाट नव्हती.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हात आहेत, याबद्दल शंका नको. 2018 साली रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांना देशात पहिला क्रमांक मिळाला, तो भिंतींवर रंगवलेल्या वाघांमुळे आणि ताडोबाच्या जंगलामुळे. कमी आहे ती मोठ्या माणसांना शिकायला बसता येईल अशा जागेची. तालुक्याच्या गावी शाळा आहे, शाळेत चित्रकलेचे शिक्षक आहेत, आणि रविवारी वर्ग रिकामा असतो. कोजागिरीपासून होळीपर्यंतचे महिने इथल्या हवेत जलरंगाला सर्वांत सोयीचे: वॉश लावायला वेळ मिळतो आणि बाहेर बसवतं. शाळांच्या मुख्याध्यापकांनी रविवारी सकाळचे दोन तास तो वर्ग गावातल्या मोठ्या माणसांसाठी उघडावा. आणि ज्यांना "आपल्याला चित्र येत नाही" हे पाठ झालं आहे, त्यांनी आपल्या गावच्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना या आठवड्यातच जाऊन विचारावं.